एक्केचाळीस जणांची ना हरकत

शाझियाताई बर्फ विकते. मालवण बंदरावर तिच्या वडिलांचा, युसूफचाचांचा, बर्फाचा डेपो आहे. होड्या सुटायच्या आधी खलाशी येतात, ती कुपन फाडून देते, मागे यंत्रात लादी फुटते. काउंटरवर कुपनांशेजारी लॅपटॉप असतो. त्याच्यावर प्लास्टिक पसरलेलं असतं. बर्फाचे तुकडे उडतात.

त्या लॅपटॉपवर ती एक लायब्ररी सांभाळते. लायब्ररी म्हणजे तयार कोड. कोणी गाणी वाजवणारं किंवा आवाज साठवणारं ॲप करायला घेतलं, की ध्वनी-फाइल उघडायची कशी आणि लिहायची कशी हे तो नव्याने लिहीत बसत नाही. असा तयार कोड घेतो आणि आपल्या कामाला जोडतो. कोड सगळ्यांना उघडा असतो. कोणीतरी कुठेतरी तो सांभाळत असतं. मला वाटायचं, अशी माणसं बंगळुरात असतात.

ताई यात पडली ती एका टक्‌मुळे. बर्फाची गाडी आली की भोंग्यावर सांगायला तिने आपलाच आवाज भरून ठेवला होता. तो वाजला की शेवटी टक् असा आवाज यायचा. युसूफचाचा म्हणायचे, कोणीतरी पत्र्यावर दगड मारतंय. ताई बी.एस्सी. आहे. टक् शोधत ती त्या लायब्ररीपर्यंत पोचली, चूक काढली आणि मालकाला कळवली. मालक फिनलंडमध्ये होता. त्याने आपल्या हाताने ती दुरुस्त केली आणि आभार मानले. पुढे दोघांचा पत्रव्यवहार राहिला. मग एक दिवस त्याने लिहिलं, मी मधमाश्या पाळायला चाललोय, लायब्ररीकडे तू बघशील का. आणि सगळे पासवर्ड पाठवून दिले.

इथे घोटाळा झाला.

आमच्याकडे मुंबईला जाणारा माणूस घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवतो. शेजारी महिन्यातून एकदा दार उघडतो. झाडून काढतो, सरकलेली कौलं सारखी करतो, दार लावून घेतो. खाट मात्र हलवत नाही. ताईने ते पासवर्ड याच अर्थाने घेतले. नवीन संगणक आले, नवीन सिस्टिम आल्या, त्यांच्यावर लायब्ररी चालती राहील एवढं ती बाहेरच्या जोडणीच्या फाइलींतून बघायची, मूळ कोडमध्ये एक ओळही लिहायची नाही. आतली रीत तसूभर बदलली नाही. असं नऊ वर्षं चाललं. बाहेर त्या लायब्ररीचं नाव झालं. नऊ वर्षांत हिच्यात काहीच मोडलेलं नाही, असं लोक कौतुकाने लिहू लागले. ताईला त्यात विशेष वाटत नव्हतं.

"दुसऱ्याच्या घरात आपण कित्या मोडतोड करूची?" ती म्हणायची.

अशाच कामाच्या आणखी दोन लायब्रऱ्या जगात चालतात. दर शुक्रवारी दुपारी ताई त्याच दोनशे बारा फाइली तिघींना उघडायला द्यायची आणि वहीत तीन रकान्यांत निकाल लिहायची. आकड्यांच्या खाली शेरा असायचा. पहिलीबद्दल लिहिलेलं: 'घाईची. लगेच नाही म्हणते.' दुसरीबद्दल: 'हुशार. प्रश्न फार.' आणि आपल्याकडचीबद्दल नऊ वर्षं एकच: 'सांगितलं तेवढं करते.'

मी मराठीत एम.ए. केलं आणि कणकवलीला घरी बसले. ताई माझ्या मोठ्या बहिणीची कॉलेजातली मैत्रीण. मोठी बहीण लग्न होऊन गेली, मैत्रीण माझ्याकडे राहिली. गेल्या मे महिन्यात मी तिच्याकडे हरिश्चंद्रकाकांना घेऊन गेले. पुढे जे झालं त्याला म्हणून मीही जबाबदार आहे.

हरिश्चंद्रकाका पिंगुळीचे. चित्रकथी सांगतात. कथेची चित्रं कागदावर रंगवून एकावर एक रचलेली असतात, त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. एकेक चित्र लोकांपुढे धरायचं आणि गात, बोलत कथा पुढे न्यायची. काकांची पोथी त्यांच्या वडिलांकडून आलेली. त्यातली एक कथा दर नवरात्रात देवळात सांगितली जाते. एक राजा राणीला घालवून देतो. ती बाजारात मीठ विकत बसते. बारा वर्षांनी राजा त्याच बाजारात येतो. शेवटच्या चित्रात राणी तराजू धरून बसलेली आहे आणि राजाने हात पुढे केलेला आहे. काकांच्या कथेत राजा राणीला ओळखतो, तिचा हात धरतो आणि घरी नेतो.

आदल्या नवरात्रात काकांचा पुतण्या धनेश भर मंडपात उठून म्हणाला, आजोबा असं सांगत नव्हते. काकांनी पोथीवर हात ठेवला. म्हणाले, "बाबांनी सांगितला तसाच सांगतंय. खोटा ठरला तर ही पोथी तुझी."

वडील जाऊन वीस वर्षं झाली होती. पण एका संशोधक बाईंनी २००१ साली त्यांच्या तोंडून ती कथा लॅपटॉपवर भरून घेतली होती. माझ्या प्रबंधासाठी मला त्या बाईंकडून सीडी मिळाली. काकांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी पोथी नीट बांधून ठेवली. मग म्हणाले, "आता धनेशाचा तोंड बंद होताला."

डेपोत आम्ही ती ऐकली. काकांचे वडील खणखणीत बोलत होते. बाजार आला, राणी आली, तराजू आला. एकतिसाव्या मिनिटाला ते म्हणाले, "राजान हात पुढे केल्यान, आणि म्हणालो..." आणि फाइल थांबली.

ताईने पुन्हा लावली. पुन्हा तिथेच थांबली.

"काका, फाइल सत्तेचाळीस मिनिटांची आसा," ती म्हणाली. "पण हिच्या कपाळार एकतीस लिवलेला आसा."

प्रत्येक ध्वनी-फाइलीच्या सुरुवातीला आत किती आवाज आहे तो आकडा लिहिलेला असतो. आवाज भरत असताना तो आकडा अधूनमधून पुढे सरकवला जातो. शेवटचा आकडा लिहायच्या आत बाईंचा लॅपटॉप बंद पडला असणार. आवाज आत होता. आकडा मागे राहिला होता.

ताईने बाकीच्या दोघी लावून बघितल्या. पहिली म्हणाली, फाइल खराब आहे. दुसरीने सहा प्रश्न विचारले, सगळी फाइल उघडली आणि कढईत मासे तळल्यासारखा आवाज काढत बसली. स्वच्छ बोलत होती ती ताईकडचीच, आणि ती एकतीस मिनिटांपुढे जायला तयार नव्हती.

"सांगितला तेवढा करता," ताई म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"मगे तिका सांग, कपाळार लिवलेला वाचू नको म्हणान," काका म्हणाले.

"एक ओळ बदलूक लागात."

"बदल मगे."

"ती माझी नाय, काका. एक्केचाळीस नावां आसत."

तिने ती यादी दाखवली. मालकापासून सुरू होत होती. ज्यांनी ज्यांनी आजवर त्या कोडमध्ये काही लिहिलं त्यांची नावं. जपान, ब्राझील, पोलंड, कुठलं कुठलं. ताईचं नाव त्यात नव्हतं.

"राखणाऱ्याचा नाव सात-बाऱ्यार चढना नाय," ती म्हणाली. "हे हिस्सेदार. सगळ्यांची ना हरकत व्हयी."

मी काकांकडे बघितलं. मला वाटलं, ते तरी चिडतील. ते मान डोलवत होते.

"बरोबर आसा," ते म्हणाले. "आमच्या फणसाक सत्तावीस नावां. पंधरा वर्सां झाली, घरार वाकलेलो आसा. कोणी हात लावता काय?"

"अहो, पण हे फणसाचं झाड नाही," मी म्हणाले. "ताई, हा कोड सगळ्यांना उघडा आहे. तुझ्या लॅपटॉपवर एक प्रत काढ, त्यात ओळ बदल, काकांना ऐकव आणि प्रत पुसून टाक. कोणाला कळणार?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे मागच्या दारान," ताई म्हणाली. "आणि धनेशान इचारल्यान, खंयसून ऐकलास, तर काका काय सांगतले?"

"मागच्या दारान नको," काका म्हणाले. "चांगल्या घरातली दिसतंस गो तू, अक्षया."

जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली. डेपो रिकामा. ताईने आणि मी काउंटरवर बसून एक्केचाळीस पत्रं लिहिली. माझी भाषा चांगली म्हणून मसुदा माझा. अमुक फाइलीतली अमुक ओळ बदलण्यास आपली हरकत नसल्यास तसे नाव व तारखेसह कळवावे. माझ्या पदवीचा झालेला हा पहिला उपयोग.

जपानहून दोन तासांत उत्तर आलं. हरकत नाही, आणि विचारल्याबद्दल ते गृहस्थ फार आभारी होते. पोलंडच्या माणसाने विचारलं, ही थट्टा आहे का. ताईने कळवलं, नाही. त्याने ना हरकत पाठवली. कॅनडाच्या एका वकिलाने तीन पानं लिहून सांगितलं की अशा परवानगीची कायद्याने काहीही गरज नाही. ताईने पानं वाचली.

"हेच्याकडे सामायिक जमीन नसतली," ती म्हणाली. "पण ना हरकत धरूया."

फिनलंडच्या मालकाने पोळ्यांचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, तू अजून हे बघतेयस? मला वाटलं मी ते तुला देऊनच टाकलं. मी ताईला म्हटलं, बघ, घर तुझंच आहे. ती म्हणाली, "तोंडी दिलेला खरा धरू नये." आणि पत्राची छापील प्रत काढून फाइलीला लावली.

सतरा नंबरचे चिलीतले गृहस्थ वारले होते. ताईने वारस शोधले. दोन मुली निघाल्या. धाकटीने विचारलं, आमच्या वडिलांनी तिथे नक्की काय केलं होतं? ताईने जुनं दप्तर उपसून काढलं. त्यांनी एका ठिकाणी 'पेक्षा कमी'च्या जागी 'पेक्षा कमी किंवा तेवढंच' असं केलं होतं. त्यामुळे प्रत्येक फाइलीतला शेवटचा क्षण वाचत होता. आधी तो गळायचा. मुलीने दोन दिवसांनी उत्तर दिलं. तिला ती ओळ छापून हवी होती, घरात लावायला. ना हरकत दोघींनी दिली.

चार जणांचा पत्ताच नव्हता. नुसती टोपणनावं. त्यांच्यासाठी ताईने लायब्ररीच्या पानावर जाहीर नोटीस दिली. सदर ओळीत ज्या कोणाचा हक्क, हितसंबंध असेल त्यांनी तीस दिवसांत कळवावं, नपेक्षा हरकत नाही असं समजून काम केलं जाईल. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत घातलं. जगभरातल्या साठ लोकांनी अंगठा वर करून दाखवला. दोघांनी विचारलं, वर्तमानपत्रात कधी येणार.

ऑगस्ट संपला तेव्हा चाळीस झाल्या. राहिला एकोणतीस नंबर. रमीझ. कणकवलीचा. ताईचा चुलतभाऊ.

त्याने सात वर्षांपूर्वी कोडमधली एक रिकामी ओळ काढली होती. पत्राला त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं: हरकत.

एसटी डेपोसमोर रमीझचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही गेलो तेव्हा तो भिंग लावून एक उघडलेला मोबाइल दुरुस्त करत होता. वर न बघता म्हणाला, "शाझिया, खंय वाट चुकलंस?"

"हरकत कित्या घेतलंस?"

"हिस्सेदार आसंय. घेतलंय."

"काय आसा तुझा तेच्यात? रिकामी ओळ. तीय काढलंस. म्हणजे हुता ता कमी केलंस."

"तरी नाव लागला मा?" त्याने भिंग काढलं. "सायमाच्या लग्नाक माका बोलावणा कसा इला?"

सायमा म्हणजे ताईची धाकटी बहीण.

"मोबाइलवर," तो म्हणाला. "ग्रुपवर. दोनशे सोळा माणसांका एकच मेसेज. त्यात दूधवालो पण हुतो. चुलतभावाक आणि दूधवाल्याक एकच बोलावणा. आणि आज रिकाम्या ओळीक मालवणसून उठान इलंस."

"घाई हुती रे."

"लग्न एकदाच आसता. ओळी कितीय."

मी म्हणाले, तिकडे एका म्हाताऱ्या माणसाची पोथी पणाला लागली आहे. रमीझ म्हणाला, "तू कोण?" मी म्हणाले, मसुदा माझा. "बरो हा मसुदो," तो म्हणाला. "पण मोबाइलवर बोलावणा आणि पत्रान ना हरकत. घराक कोण येवचा नाय."

"घराक चल मगे," ताई म्हणाली.

घरी रहिमाचाची होत्या, रमीझची आई. त्यांना सगळं सांगावं लागलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि लेकाकडे वळल्या. "म्हणजे तू रिकामी जागा काढलंस, आणि त्येच्यार हक्क सांगतंस?"

"आई, तुका नाय कळाचा."

"माका कळता. तुझ्या बापाशीन पण शेताच्या बांदार असाच केलेला." मग ताईकडे. "आणि तू गो? पायाक काटे हुते काय तेव्हा येवक?"

ताईने मान खाली घातली. चाचींनी भाकरी आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. जेवताना कोणी लग्नाचा विषय काढला नाही, ओळीचाही नाही. हात धुऊन झाल्यावर रमीझने फोन घेतला आणि तिथेच लिहिलं: हरकत नाही. नाव. तारीख.

"दाखव बघूया, काय बदलतंस ता."

ताईने दाखवलं. कपाळावरचा आकडा लहान आणि आत आवाज जास्त असेल तर आवाज खरा मानावा.

"एवढाच?"

"एवढाच."

"चार महिने?"

"एक महिनो तुझोच आसा तेच्यात," ताई म्हणाली.

नवरात्राला अकरा दिवस उरले होते. ताईने ओळ घातली. नियमाप्रमाणे जो ओळ घालतो त्याचं नाव यादीत चढतं, संगणक ते आपोआपच करतो. बेचाळीसाव्या जागी शाझिया असं आलं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग पदराने पडद्यावरचं पाणी पुसलं, काका पोचले का ते विचारलं.

काका नवा सदरा घालून आले होते. फाइल एकतिसाव्या मिनिटाला पोचली. राजाने हात पुढे केला, आणि म्हणाला,

"बाई, मीठ कसा दिलंस?"

मग काकांच्या वडिलांचा तोच खणखणीत आवाज. "तिना सांगितल्यान. राजान मीठ घेतल्यान. गेलो."

बस्स. त्यानंतर कपबशांचा आवाज आला. पुढची पंधरा मिनिटं काकांचे वडील चहा पीत होते आणि संशोधक बाईंना एका हरवलेल्या कोंबड्याबद्दल सांगत होते. काकांनी तेही सगळं ऐकलं. पाच वर्षं मी साहित्य शिकले, आणि इतका चांगला शेवट मला कोणी शिकवला नव्हता.

"बाबांचो शेवट बरो नाय," काका म्हणाले.

त्यांनी नव्या सदऱ्याची बाही सारखी केली.

"मी असा कधी बदललंय? माका तर वाटता, पयल्यापासून असाच सांगतंय." ते लॅपटॉपकडे बघत होते. "शाझिया, हुती तशी कर गो ती. एकतीसवर थांबात अशी."

"करतंय, काका," ताई म्हणाली. "पण सगळ्यांका इचारूक लागात. आता बेचाळीस झालेत."

काकांनी बोटांवर दिवस मोजले. मग सोडून दिलं. मी हळूच म्हणाले, आपण तिघांनीच ऐकलंय. काका म्हणाले, "तां बरा मा. पण मी इचारलंय मोठ्या दारान, आणि ऐकाक बसलंय मोठ्या दारान. आता जातंय पण मोठ्या दारानच."

पाचव्या माळेला संध्याकाळी देवळात गर्दी होती. ताई आणि मी खांबाजवळ बसलो. पुढे सुगंधाकाकी होत्या, त्या दरवर्षी राणीला घरी न्यायच्या वेळी रडतात म्हणून त्यांना जागा राखून ठेवलेली असते. धनेश त्यांच्या शेजारी.

काकांनी शेवटचं चित्र धरलं. "राजान हात पुढे केल्यान, आणि म्हणालो, बाई, मीठ कसा दिलंस? तिना सांगितल्यान. राजान मीठ घेतल्यान. गेलो."

त्यांनी चित्र खाली ठेवलं. पोथी बांधली. उठून धनेशच्या मांडीवर ठेवली. "तुझा बरोबर हुता," म्हणाले आणि आमच्याजवळ येऊन बसले.

कोणी उठलं नाही.

पाच मिनिटं गेली. लोक पुढेच बघत होते. सुगंधाकाकी पदर डोळ्यांशी धरून थांबल्या होत्या. आठ वाजता त्याच मंडपात भजन होतं. भजनवाले पेटी घेऊन दारात उभे होते, त्यांना आत यायला जागा नव्हती.

"हेंका कपाळार कोणी आकडो लिवन दिलो नाय," ताई माझ्या कानात म्हणाली. "खंय थांबूचा ता कळना नाय."

धनेश पोथी घेऊन वाकत वाकत आमच्याकडे आला. "काका, लोक उठनत नाय."

काकांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजळलं. "आठवला," ते म्हणाले. "बाबा गेले त्या वर्साक असाच झालेला. ह्येच भजनवाले दारात उभे. कोण उठाक तयार नाय. म्हणान राजाक बाजारात परत हाडलंय. दुसरा काय कारण नाय."

"मगे आता परत हाडा."

"पोथी तुझी. तू हाड."

धनेशने इकडेतिकडे बघितलं. भजनवाल्यांपैकी एकाने मनगटावरचं घड्याळ दाखवलं. धनेश पुढे गेला, पोथी सोडली, शेवटचं चित्र वर धरलं.

"राजा बाजाराच्या टोकाक पोचलो," तो म्हणाला. "मिठाचो एक खडो तोंडात टाकल्यान. आणि थांबलो."

पुढे त्याला काही सुचेना.

"मगे?" सुगंधाकाकींनी विचारलं.

धनेश काकांकडे बघू लागला. काका मंडपाचं छत बघत होते. ताईने फोन काढून मांडीवर ठेवला होता. आवाज भरायला सुरुवात केव्हाच झाली होती.